दुकानाच्या कपाळपट्टीची कहाणी



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा कुणी पाककृती लिहिते, कुणी तीर्थयात्रेचे वर्णन करते, कुणी संसारातल्या गमतीजमती सांगते. मी या खेपेस जरा निराळा विषय घेतला आहे. दुकानाच्या कपाळावर नावाची जी पट्टी असते, तिचा इतिहास. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची गोडी पहिल्यापासून आहे. इथून तिथून वाचून जे गोळा झाले ते गोधडीच्या तुकड्यांसारखे जोडून आपणापुढे मांडते.

विषय सुचण्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मंडळाच्या गोधड्या, दुपटी आणि कापडी पिशव्या मोबाईलवरच्या दुकानातून विकायच्या असे ठरले आहे. या दुकानाला दार नाही, ओटा नाही, गल्ला नाही. मात्र पाटी आहे. गिऱ्हाईक दुकान उघडते तेव्हा सर्वांत वर एक आडवी चित्रपट्टी दिसते. आपल्या मुली तिला हेडर म्हणतात, मी कपाळपट्टी म्हणते. ही पट्टी शहरातल्या माणसाकडून पैसे देऊन करून घ्यावी की आपली आपणच करावी, यावर मागच्या बैठकीत दोन तट पडले होते. मी दुसऱ्या तटातली. का, ते या कहाणीवरून कळेल.

कहाणीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात होते. तेर गाव आपणांपैकी पुष्कळजणींनी गोरोबाकाकांच्या दर्शनाच्या निमित्ताने पाहिले आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. या तेरचे प्राचीन नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाचे एक पुस्तक लिहिले गेले. समुद्रावरून व्यापार करणाऱ्यांना कोणत्या बंदरात काय मिळते याची माहिती त्यात आहे. त्यात पैठणचे नाव आहे आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरचेही आहे. तगरहून साधे कापड पुष्कळ येते, तलम कापडही येते, आणि ते गाड्यांवर घालून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोच बंदरात नेतात, असे तो लेखक सांगतो.

हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटला. आपल्या मातीतले कापड परदेशी गलबतावर चढत होते! पण लगेच मनात आले की, गावाचे नाव राहिले, कापडाचे नाव राहिले. मात्र त्या कापडाचे सूत कुणी काढले, कुणी विणले, यातले एकही नाव आपल्यापर्यंत आले नाही.

तीच गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यांची. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका संघाकडे दोन हजार कार्षापण आणि दुसऱ्या संघाकडे एक हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागायचा. म्हणजे त्या काळी विणकरांच्या संघाची पत आजच्या बँकेसारखी होती. त्या संघाचा उल्लेख दगडावर कोरला गेला. मागावर बसणाऱ्यांची नावे मात्र तेथेही नाहीत.

चिन्हे मात्र त्या काळीही होती, आणि ती किती सोपी होती ते पाहण्याजोगे आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर हत्ती दिसतो, आणि एका फुलीच्या चार टोकांना चार गोळे असे एक चिन्ह दिसते. यज्ञ सातकर्णी या राजाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. नाणे हातात घेणाऱ्या सगळ्यांना अक्षरे वाचता येत होती असे नाही. पण फुली आणि चार गोळे कुणाच्याही ध्यानात राहतील. ते चिन्ह आपल्या रांगोळीत सहज बसेल, इतके साधे आहे.

आपल्या बायकांच्या हाताला चिन्हांचे वळण तेव्हापासून आजवर आहेच. उंबऱ्यावरची गोपद्मे, स्वस्तिक, चैत्रांगण, हातावरचे गोंदण, हे सारे आपण कुणा चित्रकाराकडून करून घेत नाही. नावांची गोष्ट मात्र वेगळी. माझ्या आईच्या लग्नातली पितळेची भांडी आमच्याकडे आहेत. त्यांवर कासाराने छिन्नीने टिंबे ठोकून नावे घातली आहेत. देणाऱ्याचे नाव आहे, तारीख आहे, सासरच्या घराण्याचे नाव आहे. आईचे नाव सगळ्या भांड्यांत एका लहानशा तांब्यावर तेवढे आहे. तो तांब्या तिने जन्मभर कुणाला उसना दिला नाही.

आता पुढे येऊ. इंग्रजांच्या राज्यात विलायतेहून, विशेषेकरून मँचेस्टरहून, कापडाचे तागे आपल्याकडे येऊ लागले. प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेले असे. कधी देवता, कधी हत्ती, कधी वाघ, कधी राजाराणी. घेणाऱ्याला अक्षर वाचता आले नाही तरी ‘मागच्या वेळचे ते हत्तीचेच द्या’ असे म्हणता येई. चित्र म्हणजे खात्री. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या तशी त्यांच्याही ताग्यांवर चित्रे आली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या आणि तसली चित्रे मालाच्या वेष्टनांवरही झळकू लागली.

ज्याचे चिन्ह चांगले त्याची नक्कलही होणारच. म्हणून कायदे आले. विलायतेत १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ रोजी पहिले चिन्ह नोंदले गेले. ते बास नावाच्या एका दारू बनवणाऱ्या कंपनीचे होते. दारू आपल्या कामाची नव्हे, पण ते चिन्ह काय होते ते ऐका. नुसता एक लाल त्रिकोण! आपल्याकडे मालावरील खोट्या चिन्हांना आळा घालणारा कायदा १८८९ साली आणि चिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० साली झाला. सध्या लागू आहे तो १९९९ सालचा.

लाल त्रिकोणावरून आणखी एक आठवण होते. आपल्या लहानपणी दवाखान्याच्या भिंतीवर, एस.टी.च्या पाठीवर, टोक खाली असलेला लाल त्रिकोण असे. कुटुंबनियोजनाचे ते चिन्ह १९६० नंतरच्या दशकात दीप त्यागी यांच्या पुढाकाराने आले. खेड्यातल्या कोणत्याही रंगाऱ्याला ते भिंतीवर काढता आले पाहिजे आणि निरक्षर माणसालाही ओळखता आले पाहिजे, या दोन्ही कसोट्यांना ते उतरले. सबंध देशाचे काम जर एका त्रिकोणाने भागले, तर आपल्या मंडळाचे भागणार नाही काय?

आपल्या मुरुमच्या पाट्यांचा इतिहास थोडा आणखी निराळा आहे. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आजीच्या पिढीने कचेरीची पाटी पाहिली ती आपल्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पाटीवर मराठी अक्षर येणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती. अलीकडे, २०२२ साली, राज्याने कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतील अक्षरापेक्षा लहान असू नये असेही घातले. आपण कन्नड मुलखाच्या वेशीवर राहतो, दोन्ही भाषा बोलतो. कुणाचा दुस्वास नाही. पण आपल्या पट्टीवर आपले अक्षर ठळक असावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

अक्षराचाही इतिहास आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. लहानपणी छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात केलेला हा गृहस्थ. त्याच्या छापखान्याच्या देवनागरी टाइपाची देखणी वळणे सर्व हिंदुस्थानात नावाजली गेली. संगणक आला तेव्हा त्यावरही देवनागरी वळणे घडवावी लागली. मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हे वळण घडवले. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी ते वापरले. आता मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बालू’ अशी वळणे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. म्हणजे ज्या अक्षरासाठी पूर्वी खिळे ओतावे लागत, ते आज आपल्या मुलीच्या मोबाईलमध्ये फुकट येऊन बसते.

आता बायकांच्या पाटीकडे वळते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. माल आधी आला, नाव नंतर. १९६२ साली नाव सुचवण्याची स्पर्धा ठेवली. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेले ‘लिज्जत’ हे नाव पसंत पडले आणि त्यांना पाच रुपये बक्षीस मिळाले. पाच रुपयांचे ते नाव आज देशभर चालते. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला यात मोठी वाटणारी गोष्ट अशी की, नाव बाहेरून विकत आणले नाही, आपल्यातूनच काढले. आणि ते पाकिटावर छापले गेल्यामुळे पापड कुणा व्यापाऱ्याच्या नावावर गेला नाही.

आपले काय झाले? आपणांपैकी कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे गोधड्या शिवून दिल्या. एक गोधडी म्हणजे महिना-दीड महिन्याच्या दुपारी. हाती मजुरी आली ती ठराविक. त्याच गोधडीला दूरच्या शहरातल्या एका दुकानात दुसऱ्याच्याच नावाची चिठ्ठी लागलेली आपल्यातल्या एका भगिनीने स्वतः पाहिली. किंमत मजुरीच्या कितीतरी पट होती. टाका तिचा, कोपऱ्यातले फूल तिचे, नाव कुणा तिसऱ्याचे. तिने दुकानात कुणाला काही म्हटले नाही. घरी येऊन आपल्याला सांगितले. तगरच्या कापडाला दोन हजार वर्षे झाली, तरी सूत काढणारीच्या नावाची गोष्ट फारशी पुढे सरकली नाही, असे मला त्या दिवशी वाटले.

म्हणून ही कपाळपट्टी मला महत्त्वाची वाटते. शोभेसाठी नव्हे. ‘हे काम आमचे’ असे म्हणण्याची ती जागा आहे. शहरातला माणूस पट्टी सुंदर करील यात शंका नाही. पण तो गोधडी म्हटली की कुठल्याही गोधडीचे चित्र उचलून लावील. आपली उभी-आडवी धाव, आपली चौकटीतली चौकट त्याला कोठून ठाऊक? शिवाय उद्या दुपट्यांऐवजी दिवाळीच्या पिशव्या वर आणायच्या झाल्या, तर पुन्हा त्याच्याकडे धाव, पुन्हा पैसे.

आता पट्टी करायची कशी ते थोडक्यात सांगते. माझ्या मुलीने आणि मी चार दुपारी बसून करून पाहिले आहे.

पट्टी आडवी असते. उंचीच्या तिप्पट-चौपट लांब. नेमके माप ज्या त्या दुकानाच्या नियमात दिलेले असते, ते आधी पाहावे. पट्टीत तीनच गोष्टी असाव्यात : नाव, एक चित्र आणि फार तर एक ओळ. पाच वस्तूंची चित्रे दाटीवाटीने लावली की आठवडी बाजारातल्या पालासारखे होते आणि नजर कशावरच ठरत नाही.

चित्र आपल्याच मालाचे घ्यावे. गोधडी सकाळच्या उजेडात, पण उन्हात नव्हे, सावलीत पसरावी. ऊन थेट पडले की लाल रंग भगवा दिसतो आणि टाके बुजतात. मोबाईल अगदी वरून, सरळ धरावा. मग त्या फोटोतून एक लांब तुकडा कापून घ्यावा. ज्या गोधडीत सरळ टाक्यांच्या ओळी आहेत ती पट्टीला उत्तम, कारण ओळी आडव्या धावतात आणि नाव त्यांवर बसते. दुसरा मार्ग रांगोळीचा. कागदावर जाड पेनाने एखादे साधे चिन्ह काढावे, त्याचा फोटो घ्यावा आणि त्यात एकच रंग भरावा. सातवाहनांची फुली आणि बासचा त्रिकोण आठवावा.

रंग दोन पुरेत, तिसरा नाइलाज असेल तरच. गडद जमिनीवर फिके अक्षर किंवा फिक्या जमिनीवर गडद. लाल जमिनीवर हिरवे अक्षर लुगड्याच्या काठावर शोभते, वाचायला मात्र त्रास देते. चित्राच्या भरगच्च भागावर नाव लिहू नये; नावासाठी एका बाजूस मोकळी जागा ठेवावी.

मराठी नावाची एक खास काळजी घ्यावी लागते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. पट्टीच्या अगदी कडेला नाव लिहिले की वेलांटी कापली जाते किंवा उकार बुडतो. ‘मुरुम’ या आपल्या गावाच्या नावातच दोन उकार आहेत. ते गेले तर गावच उरत नाही! म्हणून वर-खाली बोटभर जागा सोडावी. फार नक्षीदार वळण घेऊ नये. पट्टी झाली की घरातल्या सर्वांत लहान मोबाईलवर, हात लांब करून पाहावी. चष्मा न लावता नाव वाचता आले तर पट्टी उत्तीर्ण.

ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. फोटो असेल तर जेपेग, कारण तो जागा कमी खातो. नुसती अक्षरे आणि सपाट रंग असतील तर पीएनजी, कारण त्यात कडा स्वच्छ राहतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून इकडून तिकडे पाठवत बसले की चित्र बारीक होऊन पुसट होते. म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी, जसे आपण विरजण राखून ठेवतो.

आणि शेवटचे पथ्य : इंटरनेटवर दिसलेले देखणे चित्र उचलू नये, सिनेमातल्या नटीचे तर नाहीच. १९५७ सालच्या कायद्याप्रमाणे चित्रावर चित्र काढणाऱ्याचा हक्क असतो. आपले नाव दुसऱ्याने झाकले म्हणून आपण दुखावलो; तेच आपण दुसऱ्याचे करावे हे शोभत नाही.

सोलापूरची चादर आपल्या ओळखीची. तिला आज भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे त्या नावाने दुसऱ्या मुलखातला माल विकता येत नाही. आपल्या गोधडीला तसा मान कधी मिळेल न मिळेल. पण मान मिळण्याआधी ओळख लागते, आणि ओळखीला नाव लागते. मोठ्या गोष्टी पुढे होतील. पट्टी आजच होण्यासारखी आहे.

एक सूचना मात्र करते. पट्टीवर मंडळाचे आणि मुरुमचे नाव राहीलच. त्याशिवाय दुकानात प्रत्येक गोधडीच्या चित्राखाली ती शिवणारीचे नाव, तिची संमती घेऊन, लिहावे. पुरे नाव नको, नुसते पहिले नाव चालेल. दोन हजार वर्षांच्या या कहाणीत तेवढीच एक जागा रिकामी राहिली आहे.

वर्धापनदिनाच्या दिवशी सभागृहात आम्ही केलेल्या तीन पट्ट्या मोठ्या कागदावर छापून लावणार आहोत. एकीत गोधडीच्या टाक्यांची ओळ आहे, दुसरीत गोपद्म, तिसरीत नुसते नाव. प्रत्येक पट्टीखाली एक डबा ठेवला जाईल. येताना ज्वारीचा एक दाणा घेऊन यावे आणि आवडलेल्या पट्टीच्या डब्यात टाकावा. ज्यांना वाचता येत नाही त्या आजीबाईंनी तर अवश्य यावे. कारण पट्टी ओळखू येते की नाही, याची खरी परीक्षा त्यांच्याच डोळ्यांनी व्हायची आहे.